लाल कप्प्यावरचा दिवा

थोरलीने खोकं उघडलं, लोकरीचे दोन गोळे हातात घेतले आणि सवयीने दुकानाच्या दाराकडे वळली. गिऱ्हाईक बाई मात्र जागची हलली नाही.

"कुठे चाललात? इथेच दिसतंय की सगळं. डावीकडचाच माझ्या रंगाचा."

आणि तो डावीकडचाच होता. थोरलीने मुकाट्याने गोळा कागदात गुंडाळला. गल्ल्यावर बसलेले सासरे गालातल्या गालात हसले. ते हसू तिच्यासाठी नव्हतं. मागच्या कप्प्यांशी खोकी लावत उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या जावेसाठी होतं, आणि ते थोरलीला लागायचं तिथे लागलं.

लग्न होऊन आली तेव्हापासून या दुकानात रंग जुळवायचा म्हणजे थोरलीला हाक, असा शिरस्ता होता. छताला ओळीने टांगलेल्या जुन्या ट्यूबच्या उजेडात निळा आणि काळा भाऊभाऊ दिसायचे. थोरली दोन्ही गोळे दारात नेई, मान जराशी तिरपी करी आणि सांगे. पुष्कळदा दारात जायचीही तिला गरज नसे. पण गिऱ्हाइकाच्या मनाचं समाधान व्हायचं आणि तेवढ्या चालीत बायका आपलं मन मोकळं करायच्या. कुणाचा गुडघा, कुणाची सून. लोकर घ्यायला आलेली बाई जाताना थोरलीचा हात धरून जायची.

मग विजेचं बिल डोईजड झालं. सासऱ्यांनी एकाआड एक ट्यूब बंद ठेवायला सुरुवात केली. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तसंच झालं. बिल उतरलं थोडं आणि दुकानावर मात्र अवकळा आली. बाहेरून डोकावणारे लोक दुकान बंद आहे असं समजून पुढे जाऊ लागले. अर्धं दुकान भाड्याने द्यावं का, असं सासरे जेवताना बोलू लागले, तेव्हा धाकटी पहिल्यांदा तोंड उघडून बोलली. लग्नाआधी ती तयार कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायला होती.

"बाबा, दिवे कमी करायचे. उजेड नाही," ती म्हणाली.

तिने आधी कळकट छताला पांढरा रंग दिला. काचेवर वर्षानुवर्षं लटकणारे स्वेटर काढून दिवसाचा उजेड आत घेतला. ट्यूब उतरवून फक्त कप्प्यांच्या समोर, लोकरीवर उजेड पडेल असे मोजके एलईडी लावले. सगळ्यांत स्वस्तातले घेतले नाहीत. रंग खरे दाखवणारे, थोडे महागच घेतले. मागच्या कोठीत माणूस शिरला की लागणारा आणि तो बाहेर पडला की विझणारा दिवा बसवला. बिल निम्म्याखाली आलं आणि लोकर अशी दिसू लागली, जणू आत्ताच रंगाच्या पातेल्यातून काढली आहे. अर्धं दुकान भाड्याने द्यायची गोष्ट सासऱ्यांनी पुन्हा काढली नाही.

नव्याचे नऊ दिवस, असं थोरलीने स्वतःला समजावलं. नऊ झाले, नव्वद झाले. बायका यायच्या, कप्प्यासमोर उभ्या राहायच्या, स्वतःच रंग निवडायच्या. धाकटीला दिव्यांबद्दल विचारायच्या. शेजारचा चष्मेवाला तर तिला आपल्या दुकानात घेऊन गेला, आमचंही बघा म्हणून. थोरली सगळ्यांशी हसून बोलत होती. घरी मात्र भाजी चिरताना सुरी पाटावर जरा जोरातच आपटायची.

एका सुटीच्या दिवशी झाडलोट करायच्या निमित्ताने तिने दुकान उघडलं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणलेला स्वस्तातला दिवा पिशवीत होता. आकार तोच, त्याच होल्डरला बसणारा. स्टुलावर चढून तिने लाल कप्प्यावरचा दिवा काढला आणि हा बसवला. बटण दाबलं. उजेड भरपूर पडला, पण सगळे लाल रंग आजाऱ्याच्या चेहऱ्यासारखे उतरले. कसला तरी घोळ व्हावा, बाईसाहेबांच्या दिव्यांचं कौतुक जरा खाली यावं, एवढंच तिच्या मनात होतं. काढलेला दिवा तिने कोठीत रिकाम्या खोक्यांमागे ठेवला.

पुढच्याच आठवड्यात रुग्णालयातली एक परिचारिका आली. वडिलांसाठी स्वेटर विणत होती, एका बाहीपुरती मरून लोकर कमी पडली होती. नमुन्याचा धागा धाकटीने हातात घेतला, लाल कप्प्यासमोर बराच वेळ लावून पाहिला आणि एक खोकं ओढलं. ते तपकिरीचं होतं. थोरलीला ते काउंटरच्या या टोकावरूनही कळलं. रंग दिसला म्हणून नाही, खोकंच ओळखीचं होतं. ती एका लडीचा गोळा करत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा फिरू लागले.

परिचारिका परत आली ती पूर्ण विणलेला स्वेटर घेऊन. रात्रपाळीत बसून विणला, सकाळी उन्हात धरला तेव्हा कळलं, असं ती म्हणाली. भांडली नाही. स्वेटर काउंटरवर पसरून नुसती उभी राहिली. एक बाही मरून, एक तपकिरी.

सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"असं या दुकानात कधी झालं नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. एवढंच म्हणाले, पण धाकटीचा चेहरा पार उतरला.

थोरली पुढे झाली. बाही उसवून नवी विणून देते, असं परिचारिकेला सांगितलं. "थोरलीचं मन मोठं आहे," सासरे म्हणाले. ते ऐकताना बाहीची शिवण शोधणारी तिची बोटं अडखळली.

त्या दिवसापासून धाकटी काउंटरवर येईना. कोठीत माल लावत बसायची. गिऱ्हाईक आलं की आतूनच म्हणायची, ताईंना विचारा. थोरलीला हवं होतं ते सगळं परत मिळालं. बायका तिला हाक मारत होत्या, सासरे तिच्याकडे बघत होते. जेवताना मात्र ती ताट अर्धवट टाकून उठायची.

एका दुपारी सासरे जेवायला घरी गेले होते, तेव्हा ती कोठीत गेली. धाकटी पाठमोरी बसली होती.

"बाहेर ये. किती दिवस आत बसणार?"

"नको ताई. माझी नजरच कच्ची आहे." धाकटीने वळून पाहिलं नाही. "कारखान्यात रंग तपासायला यंत्र होतं, नजरेचं काम नव्हतं. इथे आले आणि तुम्हाला बघितलं. त्या ट्यूबखालीसुद्धा तुम्ही एका नजरेत सांगायचात. मी घरी धाग्यांची टोकं घेऊन बसायचे, शिकायला. नाही जमलं. इतका हेवा वाटायचा तुमचा. मग वाटलं, उजेड चांगला असला तर माझ्यासारखीलाही जमेल."

थोरली पुढे आली. मग खोक्यांमागे हात घालून तिने दिवा काढला आणि धाकटीसमोर धरला.

धाकटीला आधी काही उमगलं नाही. तिने दिवा उलटा करून बघितला. मग ती उठून दुकानात गेली, लाल कप्प्यासमोर उभी राहिली आणि मान वर करून पाहत राहिली.

"तिथला मी बदलला," थोरली मागून म्हणाली. "तुझ्या नजरेला काही झालेलं नाही."

 स्टूल ओढून धाकटी चढली, वरचा दिवा काढला आणि चांगला दिवा बसवायला गेली. तो लागेना. स्वस्तातल्या दिव्याने होल्डरच जाळला असेल म्हणून तिने दुसरीकडे लावून पाहिला, तिथेही नाही. खोक्यांमागे दबून तो बिघडला होता. ती खाली उतरली आणि दोन्ही दिवे हातात घेऊन उभी राहिली. तेवढ्यात सासरे आत आले.

"त्या कोपऱ्यात अंधार का?"

 खरं सांगायचंच, असं थोरलीने मनाशी धरलं होतं. पण आता बोलायची पाळी धाकटीची होती आणि तिचा तो हक्क हिरावून घेणं थोरलीला बरं वाटेना.

"दिवा खराब निघाला, बाबा," धाकटी म्हणाली. "त्या दिवशीचा घोळ त्यानेच झाला."

"मग नवा आणायला हवा."

"ताई जातायत. त्यांना दिव्यांचं दुकान माहीत आहे."

ती हे सरळ थोरलीकडे बघत म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. सासऱ्यांनी गल्ल्यात हात घातला.

"राहू द्या, बाबा," चपला पायात सरकवत थोरली म्हणाली. "पैसे आहेत माझ्याकडे."