चाळीस मिनिटांची बॅटरी

तीन वर्षं मी घराबाहेर रात्र काढली नव्हती. कारण सांगितलं तर लोक हसतात, म्हणून सांगत नसे. रोह्याच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या प्लगला हातात मावणारा एक जुना कॉम्प्युटर लावलेला असायचा. त्याची बॅटरी चाळीस मिनिटं टिके. ती पूर्ण उतरली की आतलं सगळं पुसलं जाणार. बदलायला काढली तरी तेच. वीज गेली की मी तो पदराखाली धरून शेजारच्या चंद्रावतीच्या इन्व्हर्टरकडे पळायची.

"मालती गो, त्या डबीला आता मूठमाती दे," ती म्हणायची.

सख्ख्या बहिणीच्या बाराव्यालाही मी गेले नाही.

त्या डबीत गणपतीचे डोळे होते.

पेणजवळ जोह्याला आमच्या घरचा मूर्तींचा कारखाना. तीस वर्षं आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम, माझ्याकडे होतं. जुन्या घरांना दरवर्षी मूर्तीची तीच नजर हवी असते. बाप्पा ओळखीचा वाटायला हवा. धाकटा दीर सुशील बोटीवर होता, त्याने २००४ साली हे यंत्र आणून दिलं. काचेवर काडीने रेघ ओढली की तशीच उमटे. एकेचाळीस घरांचे डोळे मी त्यात काढून ठेवले. तेव्हा हात स्थिर होता. आता चहाची बशी वाजते.

कारखाना आता सुशीलची मुलगी मनाली बघते. "काकी, मोबाइलने फोटो काढून पाठव ना," ती म्हणाली. पण काचेचा उजवा अर्धा भाग काळा पडलेला. प्रत्येक घराचा एकच डोळा दिसे, आणि दोन डोळे कधी सारखे नसतात. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची केबल लावायची जागा दमट हवेने गंजून गेलेली.

मोबाइल दुकानवाला अमोल म्हणाला, "याच्या खाचेत वायरलेस कार्ड बसतं. त्याचा ड्रायव्हर घावला की डोळे थेट जोह्याला."

ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाची यंत्राशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम. कार्ड त्याने मिळवलं, ड्रायव्हर मिळेना. कंपनीचं पान कधीच बंद झालेलं. एक सापडला तो पुढच्या मॉडेलचा. दुसऱ्यात नुसत्या जाहिराती. अडीच महिने गेले. मी प्लगकडे बघत जेवायची, प्लगकडे बघत झोपायची. जोह्याला मूर्ती रंगून डोळ्यांवाचून उभ्या होत्या.

एका सकाळी अमोल धापा टाकत आला. "काकी, घावला! परदेशातल्या एका म्हाताऱ्याने जपून ठेवलेला." त्याने खिशातून एक जाडं मेमरी कार्ड काढलं. "हे पेणच्या जुन्या फोटो स्टुडिओतून आणलं."

"हे आणि कशाला?"

"यातून ड्रायव्हर आत घालायचा. मग हे काढून त्याच खाचेत वायरलेस कार्ड. मग नेट लावायचं, मग—"

"थांब. ड्रायव्हर आत जाणार तो या कार्डावरून?"

"व्हय."

"मग डोळे याच कार्डावरून बाहेर नाय येणार? साच्यात माती ज्या तोंडाने भरतो, मूर्तीही तिथूनच काढतो."

अमोलने कपाळावर हात मारला. "काकी, हे अडीच महिन्यांपूर्वी बोलायचं ना!"

"तेव्हा तू हे कार्ड दाखवलंस कुठे?"

दहा मिनिटांत एकेचाळीस जोड्या त्याच्या लॅपटॉपवर होत्या. इतक्या वर्षांनी दोन्ही डोळ्यांनी देव माझ्याकडे बघत होते. ड्रायव्हर तसाच राहिला.

अमोलने डोळे जोह्याला पाठवले आणि मनालीचा लगेच फोन. "मिळाले! आता तूच ये, आखणी करणाऱ्या पोरींच्या शेजारी बसून सांग. राहायलाच ये."

दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. निघताना मी प्लग काढला. अमोल म्हणाला होता, राहू दे लावलेला, काय बिघडतं? पण तो चालू राहिला असता, तर मी संध्याकाळच्या गाडीने परत आले असते. एवढं मी मला ओळखते.

रोह्यापुढच्या निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. मी घड्याळ पाहिलं. प्लग काढून पंचवीस मिनिटं झाली होती. खाली उतरून रिक्षा केली, तर अजून पोचता आलं असतं. हात पिशवीच्या बंदांवर गेला. दुसऱ्या हाताने मी खिडकीचा गज धरला आणि गाडी सुटेपर्यंत सोडला नाही.