बिनगळ्याची बाजू

“अहो, ह्या ताटलीतला गाणारा कुठं गेला? नुसतंच धुम-धुम चाललंय. फुकटात मिळालेली वस्तू अशीच असायची.”

हे माझ्याबद्दल होतं. बोलणाऱ्या तुळसीबाईंचं बोट माझ्या काठावरच होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती.

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. म्हैसूरच्या गोकुलममधल्या या घरात मला ताटली म्हणतात, आणि आता मीही त्या नावाला ओ देते. माझा जन्म फार लांबचा, जमैका नावाच्या बेटावरचा. तिथल्या संगीताला रेगे म्हणतात. तिथं एका कोंदट खोलीत काही माणसं बसली. एकानं जाड तारांची गिटार घेतली, एकानं ड्रम, आणि एका गाण्यासाठी ठेका बांधला. पुढं लोक ते गाणं विसरले, पण ठेका कुणी टाकून दिला नाही. दुसऱ्या गायकानं त्यावर आपलं गाणं चढवलं, मग तिसऱ्यानं. कुणी प्रेमाचं, कुणी देवाचं, कुणी घरमालकाला शिव्या देणारं. अशा ठेक्याला तिथं ‘रिडिम’ म्हणतात. जुना रिडिम घेतला म्हणून कुणी सहसा नाक मुरडत नाही.

माझ्या एका बाजूला असंच मागून चढवलेलं गाणं आहे. दुसऱ्या बाजूला नुसता ठेका, गळा काढून घेतलेला. मोकळ्या अंगणात कपाटाएवढे स्पीकर मांडून ही बाजू लावायची आणि ज्याला सुचेल त्यानं वर गायचं. माझ्या मधल्या कागदावर गाणाऱ्याचं नाव ठळक छापलंय. ठेका बांधणाऱ्यांचं नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग मी लंडनला गेले. तिथं लग्नांत वाजले, बारशांत वाजले. लोकांनी माझं कौतुक केलं, माझ्यावर बिअर सांडली. पुढं सीडी आल्या आणि मी तिथल्याच एका घरात खोक्यात गेले. त्या घरातली पॉलीन योग शिकायला गोकुलमला आली, तुळसीबाईंच्या माडीवर भाड्यानं राहिली. परत जाताना सामान जड झालं, तेव्हा खोकं आणि प्लेअर इथंच ठेवून गेली.

माझ्या मधलं भोक मोठं आहे. ते भरायची प्लास्टिकची चकती हरवली होती. तुळसीबाईंचे यजमान गुंडेराव विमा कचेरीतून निवृत्त झालेले. पण घराणं रंगाऱ्यांचं, कापडावर छपाई करणारं. त्यांनी एका जुन्या लाकडी ठशातून गोल तुकडा कापला. त्यावर अर्धी कोयरी अजून दिसते.

“सासऱ्यांचा ठसा कापलात?” तुळसीबाई म्हणाल्या.

“सुम्मने, उगाचच पडून होता. आता फिरेल तरी.”

अशी मी फिरू लागले, आणि मग ते गाणाऱ्याचं विचारणं झालं.

“गेला नाही तो,” गुंडेराव म्हणाले. “जागा सोडलीय. पॉलीन सांगत होती, ज्याला गायचंय त्यानं गावं.”

तुळसीबाईंनी नवरात्रातल्या बाहुल्या पुसता पुसता सहज आपल्या नेहमीच्या गाण्याचा सूर लावला. तो माझ्यावर असा बसला की मीच चकित झाले. गुंडेराव मात्र चष्मा पुसत बसले. फार वेळ पुसला त्यांनी.

कारण मी पुढं शेजारणींच्या कुजबुजीतून जोडलं. इथं दसऱ्यात घरोघरी गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात. बघायला आलेल्या बायका गाणं म्हणतात, म्हणायला लावतात. तुळसीबाईंचं हे गाणं सगळ्या गल्लीत नावाजलेलं: लाकडी राणीला राजवाड्याचा कंटाळा येतो, असं काहीसं. शब्द त्यांचे. चाल मात्र त्यांच्या नणंदेची. लक्ष्मीदेवींनी ती आपल्या लेकीला निजवताना रचलेली. एका वर्षी कुणीतरी विचारलं, “कुणाचं हो हे?” तुळसीबाई म्हणाल्या, “माझंच.” लक्ष्मीदेवी तिथंच बसल्या होत्या. त्यांनी उसळीची वाटी खाली ठेवली, आणि तेव्हापासून त्या गोंब्यांना आल्या नाहीत. त्या राहतात ते विजयनगर इथून रिक्षानं जवळच आहे. पण या घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

यंदा गुंडेराव स्वतः बहिणीला बोलवायला गेले. माझं निमित्त केलं.

लक्ष्मीदेवी आल्या, पण दाराजवळच बसल्या. “बसायला नाही हं आले. ताटली ऐकते आणि निघते. रिक्षावाला थांबलाय.”

गुंडेरावांनी माझी बिनगळ्याची बाजू लावली.

“गाणारा कुठाय?”

“जागा सोडलीय, वन्सं,” तुळसीबाई म्हणाल्या. “कुणीही गावं.”

“अस्सं. घेणाऱ्यांची सोय आहे म्हणायची. आणि वाजवणाऱ्यांची नावं?”

गुंडेरावांनी मला थांबवलं, उचललं, उजेडाकडं धरलं. “नाही लिहिलेली.”

“वाटलंच मला.”

मित्रांनो, तबकडीला उन्हात ठेवू नका, बोटांनी धरू नका, धूळ मऊ फडक्यानं टिपा, एवढं मी एरवी सांगितलं असतं. माझ्या जातीच्या वस्तू तेवढंच मागतात. पण त्या दिवशी गुंडेरावांच्या हातात लटकत असताना मला जन्मखोलीतली ती माणसं आठवली. घ्या हो, माझं सगळं घ्या. पण ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव, कुणी विचारलं तर, सांगत जा.

गुंडेरावांनी मला परत ठेवलं. ठेका सुरू झाला. समोरच्या घरातल्या वेदवतीबाई या गल्लीत नव्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. “तुळसीअम्मा, तुमचं ते राणीचं म्हणा ना. सगळे म्हणतात, तुम्हीच रचलंय म्हणून.”

गुंडेराव चष्मा काढू लागले. लक्ष्मीदेवींनी चपलेत पाय घातला.

तुळसीबाईंनी राणीची बाहुली उगाच सरळ केली.

“शब्द तेवढे माझे,” त्या म्हणाल्या. “चाल आमच्या वन्संची आहे. त्या बसल्यात बघा, दाराशी.”