साठ-सत्तरच्या वेगातली थरथर

सासरे शेजारी बसले की मला गाडीत गुदमरायला होतं. "दाब की जरा, मुंगीशी शर्यत लागलीय का?" मामा म्हणाले. सासऱ्यांना मी मामाच म्हणतो.

गाडी दुरुस्तीला आलेली, शाळेतल्या बाईंची, ऑटोमॅटिक. साठ-सत्तरच्या वेगाने सरळ चाललं की थरथरायची, रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी. मामांनी दोनदा प्लग बदलून बाईंची बोळवण केली होती. जोरात दाबलं की थरथर गायब व्हायची आणि मामा खूश.

मला त्या दिवशी वेगळंच सांगायचं होतं. दूरच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. लग्नानंतर 'दोन महिने हातभार लाव' म्हणून गॅरेजमध्ये आलो, त्याला अकरा वर्षं झाली. गॅरेज मामांचं, घर मामांचं, वरच्या खोलीत आम्ही. मी शिंकलो तरी खालून चौकशी होते. "आज तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन," असा बायकोने सकाळीच दम भरला होता.

म्हटलं, आधी गाडीचं बघू. वेग पासष्टवर धरला, पाय हलका ठेवला. थरथर सुरू झाली. उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला, तर ती थांबली. ब्रेक सोडला, पुन्हा सुरू.

"प्लगचं दुखणं ब्रेकला कशाला जुमानेल?" मी म्हणालो. "गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लच नीट धरत नाहीये, मामा. ब्रेकला पाय लागला की तो सुटतो. त्यात तेल चुकीचं पडलंय."

"तेल मी स्वतः भरलंय," मामा म्हणाले. मी गाडी गॅरेजमध्ये आणून लावली.

महिन्याभरात अशी थरथरणारी ही तिसरी गाडी होती. फळीवर एकाच मापाचे दोन डबे होते, दोन्हींत लाल तेल. मी एक उचलून मामांच्या हातात दिला. "यावर काय लिहिलंय?"

त्यांनी झाकण काढून वास घेतला, तेल बोटांवर चोळलं. "गिअरबॉक्सचं."

डब्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत 'स्टिअरिंग' लिहिलं होतं.

"कधीपासून दिसत नाही?"

"कडेचं दिसतं, मधलं गेलंय. डॉक्टरांनी हात टेकले." मामांनी डबा खाली ठेवला. "पोरीला बोलू नकोस."

मला दया आली, पण राग जास्त आला. अकरा वर्षं धडधाकट होते, आणि मी निघायच्या आठवड्यात हे.

तरी डोकं चाललं. तारेचा तुकडा घेऊन स्टिअरिंगच्या डब्याच्या मुठीला चार वेढे घट्ट आवळले. हाताला तार लागली की डबा ठेवून द्यायचा, बस. चूक टळेल आणि मीही सुटेन.

मामांनी अंगठा तारेवरून फिरवला. "हे कोणासाठी? तू असताना तार कशाला?"

सांगायची हीच वेळ होती. मी फळीवरचे डबे सरळ करत राहिलो.

त्यांनी सावकाश एकेक वेढा सोडवला आणि तार माझ्या हातावर ठेवली. "बाईंच्या गाडीचं जुनं तेल काढून टाकू," ते म्हणाले. "नवं तू ओत. यापुढे डबे तूच काढत जा."

मी तार खिशात घातली आणि दुसरा डबा काढला.