जोहरा खालांच्या डोकेदुखीची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, चाळीस पानांची. औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात माझ्यावर रकाने छापले गेले: अर्धशिशी कधी उठली, गोळी कधी घेतली, दोन तासांनी दहापैकी किती दुखतंय. गोळीनं किती वेळात आराम पडतो, याचा अभ्यास डॉक्टर संस्कृती करत होत्या. त्यांच्या कामात आपला हात लागतोय, याचा मला कोण आनंद!

मुकुंदवाडीच्या जोहरा खाला मला घरी घेऊन गेल्या. त्यांच्या लेकीचं, युसराचं लग्न महिन्यावर आलं होतं. ऐन निकाहच्या वेळी डोकं उठलं तर काय, या धास्तीनंच त्या अर्ध्या झाल्या होत्या.

तीनदा डोकं उठलं. अंधाऱ्या खोलीत खाला ओकून ओकून बेजार व्हायच्या, गोळी मात्र अगदी सोसवेनासं झाल्यावर घ्यायच्या. आणि माझ्यावर काय लिहायच्या? 'गोळी लगेच घेतली. दुखणं शून्य.' मला फार वाईट वाटायचं, पण वहीला तोंड कुठलं?

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मला उघडलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "खाला, दुखणं शून्य, मग अक्षर रेघ सोडून कुठं चाललंय?"

खाला ओशाळल्या. "बेटी, तू इतक्या मायेनं गोळ्या दिल्या. दावतीला जाऊन सालनात मीठ कमी हाय, असं कुणी म्हणतं का?"

डॉक्टर खळखळून हसल्या. "मीठ कमी आहे, हेच तर मला कळायला हवं! खरं सांगा, गोळी कधी घेता?"

"आधी सोसून बघते. तीन-चार तास."

"तिथंच घोळ झालाय. दुखायला लागलं की लगेच घ्या. आणि थांबलं नाही तर थांबलं नाही, असंच लिहा."

लग्नाच्या दिवशी सकाळीच डोकं उठलं. खालांनी तिथल्या तिथं गोळी घेतली आणि मागच्या खोलीत डोळ्यांवर ओढणी घेऊन पडून राहिल्या. मी उशाशी होते. माझा जीव टांगणीला लागला होता. दोन तासांनी त्या उठल्या, पेन घेतलं आणि सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'एक.' मग युसराजवळ जाऊन बसल्या. हुश्श!

आता मी डॉक्टरांच्या कपाटात असते. माझे कोपरे दुमडलेत. मित्रांनो, अशी एखादी वही तुमच्या घरी आली तर तिला जपा आणि तिच्यावर खरं तेच लिहा. माझ्यावर तीन शून्यं आहेत. अभिमान मात्र मला त्या 'एक'चा आहे.