डेस्मंडने पाडलेलं खिंडार

इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या एका चर्चच्या सभागृहात दर बुधवारी साठी उलटलेले दहा-बारा गृहस्थ बोटभर उंचीचे सैनिक टेबलावर मांडून जुन्या लढाया नव्याने हरत. त्यांचा थर्माकोलचा किल्ला ऐंशी वर्षांच्या लिओनार्डने तीस वर्षांपूर्वी केलेला. रंग उडालेला, बुरुज उंदराने कुरतडल्यासारखे. तो दुरुस्त करायचं काम त्यांच्यातल्याच डेस्मंड पेंगेलीने कुणी न सांगता अंगावर घेतलं.

"बुरुजांचे कोनच चुकलेत," तो लिओनार्डला म्हणाला. "फ्रेंचांनी हा किल्ला चहाच्या वेळेआधीच घेतला असता."

"घेतात की, दर महिन्याला," लिओनार्ड चहात बिस्किट बुडवत म्हणाला.

चार महिने किल्ला गॅरेजमध्ये आणि गाडी पावसात राहिली. डेस्मंडने कोन कापून नीट केले, एकेक वीट कोरली. शेवटी ब्रशचा कंटाळा आला म्हणून त्याने स्प्रेचा डबा उचलला. रंग लागताच उत्तरेची तटबंदी चरचरली आणि डोळ्यांदेखत विरघळून गेली.

"डब्यावर लिहिलंय, थर्माकोलवर मारू नये," बायको बेरिल म्हणाली. "तूच लोकांना सूचना वाचायला सांगत फिरतोस ना?"

बुधवारी माफीचं भाषण खिशात घालून तो किल्ला घेऊन गेला. लिओनार्ड खिंडारावर वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला.

"हुबेहूब तोफांनी पाडलंय. कसं रे केलंस?"

डेस्मंडचा हात खिशापर्यंत गेला आणि परत आला. "थोडा अभ्यास आणि स्प्रेचा डबा लागतो," तो म्हणाला.

झालं. उरलेल्या तीन भिंतींना खिंडारं पाडायचं काम पुढच्या बुधवारी त्याने सर्वांसमोर करून दाखवायचं ठरलं. सेक्रेटरी रॉडनीने कौतुकाने नवा डबाही आणला. डेस्मंडने अर्धा तास वेढ्यांच्या इतिहासावर व्याख्यान दिलं आणि मग फवारा मारला. भिंत छान राखाडी झाली. उभीच राहिली.

"आता?" कुणीतरी विचारलं.

"मुद्दाम थर्माकोलला चालणारा आणलाय," रॉडनी म्हणाला. "दुसरे रंग खातात त्याला."

डेस्मंडचे कान लाल झाले. "मागचा खाणारा होता," तो पुटपुटला. "चुकून मारला होता मी."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. लिओनार्डने रॉडनीला खाणारा डबा आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं आणि तिन्ही खिंडारं स्वतःच्या हाताने, मजेत पाडली. डेस्मंडला त्यांनी वर्तमानपत्र धरून उभं केलं, टेबलावर रंग उडू नये म्हणून.