चौकटीखालचा नंबर

सकाळी सीबीएस स्टँडवर मी पेठच्या गाडीची चौकशी करून परत आले, तर बाकावर भिका नव्हता. भिका माझा धाकटा भाऊ. विसरायला लागल्यापासून तो एकटा कुठे जात नाही. स्टँड पालथा घातला, पोलिसांना सांगितलं आणि पंचवटीत नातीच्या खोलीवर आले.

सायली वेबसाइट बनवायचं काम करते. तिने तिथल्या तिथे भिकासाठी एक पान तयार केलं. चौकटीत फोटो, दोन ओळी आणि ‘पूर्ण वाचा’. चौकटीखाली सायलीच्या नंबरचं ‘फोन करा’ असं हिरवं बटण. बाकीचा मजकूर मी सांगितला. गाव, पाडा, बापाचं नाव, मामाचं गाव, बायकोचं माहेर.

“आजी, एवढं कोण वाचणार?”

“आमच्याकडं माणूस असाच सांगत्यात. नुसत्या फोटोत काय हाय? म्हातारे सगळे सारखेच.”

तिने सगळं लिहिलं आणि पान सगळीकडे पाठवलं. दुपार झाली. पान बघणारे वाढत होते, फोन मात्र एकही येईना. सायली कुणाकुणाला मेसेज करत राहिली. मी माझ्या फोनवर तेच पान उघडलं. ‘पूर्ण वाचा’ दाबून हळूहळू खालपर्यंत वाचलं.

“सायली, ते हिरवं बटण कुठं गेलं गं?”

तिने फोन हिसकावूनच घेतला. मजकूर उघडल्यावर चौकट लांब झाली होती, बटण मात्र जुन्याच जागी तिच्याखाली गाडलं गेलं होतं. ज्यांनी जीव लावून पूर्ण वाचलं, त्यांनाच नंबर दिसला नव्हता.

“मी लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी लहानमोठी करून बघितलं होतं,” ती म्हणाली. “खिडकी बदलली की बटण सरकतं. पण इथे खिडकी तेवढीच आहे, आतली चौकट वाढतेय. ते मी बघितलंच नाही. मजकूर मीच लिहिलेला, म्हणून उघडलाही नाही.” तिने डोळे पुसत लॅपटॉप पुढे ओढला.

“रडू नको. कर नीट.”

चौकटीची उंची बदलली की लगेच कळवणारा कोड असतो म्हणे, रिसाइज ऑब्झर्व्हर. तिने तो लावला, तर चौकट आपोआप लांबतच चालली. थांबेना.

“अगं, हे काय झालं?”

“चौकट वाढली की मीच तिला आणखी वाढवतेय. मग ती वाढली म्हणून परत मीच...” तिने कपाळावर हात मारला. मग चौकटीला हात न लावता कोडला फक्त बटण खाली सरकवायला सांगितलं. पान पुन्हा चढवलं.

थोड्याच वेळात सायलीचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला. मनमाडहून, स्टेशनवर चहा विकणारी बाई होती.

“काय बाई, नंबर लपवून माणूस शोधता का? कधीची बघतेय!”

“आमचे आजोबा आहेत का तिथे?”

“हातात एसटीचं तिकीट घेऊन माझ्या टपरीशीच बसले होते. मामाचं गाव विचारलं तर बरोबर सांगितलं. म्हटलं, हेच ते. पण फोन करू कुठं?”

“आता कुठे आहेत?”

“गाडी लागली आणि गर्दीबरोबर चढले. भुसावळकडची होती. मी हाका मारल्या हो. हाती उकळतं पातेलं, पळणार कशी?”

सायलीने रेल्वेच्या लोकांना कळवलं. पुढच्या स्टेशनांवर बघतो म्हणाले. पानावर तिने नांदगाव, चाळीसगाव, जळगाव अशी नावं सगळ्यात वर घातली.

“गाडीनं नांदगाव सोडलं असंल का गं?”

ती गाडीची वेळ शोधत राहिली. बराच वेळ कुणाचाच फोन आला नाही. बटण परत गाडलं गेलं की काय, असं माझ्या मनात आलं. मी पान उघडलं, मजकूर उघडला. बटण खाली सरकलं, दिसत राहिलं. मी ते दाबलं.

सायलीचा फोन वाजला. ती धडपडत उठली, पडद्याकडे बघितलं आणि तशीच खाली बसली.

“आजी, तूच आहेस.”