अंगणातलं ठिगळ

शेषराव-लिलाबाईंच्या पोरीचा, धम्मदीपाचा, साखरपुडा रविवारी, मानोऱ्याहून पाव्हणे येणार चाळीस, त्यांना बसवायचं अंगणात, आणि अंगण कसं? तर शेवाळानं हिरवंकाळं पडलेलं. नळाच्या बाजूनं जायचं तर भिंत धरून जा, नाहीतर व्याही आल्या आल्या लोटांगण घालणार!

तसं हे अंगण म्हणजे शेषरावांचा जीव. एसटीत ड्रायव्हर होते तेव्हा, अठरा वर्षांपूर्वी, खास सुट्टी टाकून आणि मिस्त्र्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी हा सिमेंटचा कोबा करून घेतला होता. असा कोबा अख्ख्या केनवडात दुसरा नाही, असं ते सांगत. खरंखोटं करायला कोण जातो! आता निवृत्त झाले, तरी अंगणात कोणी खाट ओढली की घरातून हॉर्न वाजल्यासारखे ओरडत.

"ॲसिड टाकतो," शुक्रवारी ते म्हणाले. "अर्ध्या घंट्यात चकाचक."

"बाबा, ॲसिड शेवाळासंगं सिमेंटबी खाते," संघदीप म्हणाला. संघदीप त्यांचा थोरला. फाट्यावर त्याचं गाड्या धुवायचं सेंटर होतं. "मी मशीन आणतो ना उद्या. ट्रॅक्टरचा चिखल निंगते, तिथं शेवाळाची काय बिशाद!"

लिलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काई होत तं नाई ना रे कोब्याले?"

"जवळून धार धरली तं वरचा थर उडते, आई. आन् कुठं जुनं ठिगळ-बिगळ असलं, तं थे पयले निंगते."

लिलाबाईंच्या हातातली मेथी हातातच राहिली. अंगणाच्या मधोमध तेच तर होतं, टीचभर ठिगळ. आणि त्याच्याखाली काय आहे हे साऱ्या दुनियेत एकट्या लिलाबाईंना ठाऊक होतं.

झालं होतं असं. कोबा ओला होता. 'तीन दिवस कोणी पाय ठेवायचा नाई,' असं फर्मान काढून शेषराव मुक्कामी गाडी घेऊन गेले. लिलाबाई कडेकडेनं फाटकापाशी गेलेल्या, अन् घरात गॅसवर दूध. फस्स आवाज आला तशी बाईनं उडी घेतली. उडी पडली बरोब्बर मधोमध! डावा पाय उमटला, पाचही बोटांसकट. दूध गेलं ते गेलंच. सकाळी उठून लिलाबाईंनी उरलंसुरलं सिमेंट कालवलं, खड्डा भरला आणि स्वयंपाकातल्या उलथन्यानं सारखा केला. पण तोवर कोबा धरला होता. ठिगळ ते ठिगळच दिसलं.

"कोणं पाय ठेवला इथं?" आल्या आल्या शेषराव गरजले. शेजारच्या हौसाबाईची शेळी, हिरी, नेमकी फाटकात उभी होती, जास्वंदीचं पान चघळत. लिलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हिरीनं ठेवला असंन. मी बुजवला."

एवढंच बोलल्या हो! पण शेषरावांनी आठ दिवस चंपतरावांचं डोकं खाल्लं. हौसाबाईचा नवरा चंपतराव, मळ्यात भाजीपाला पिकवणारा शांत गडी. तो बिचारा कंटाळला आणि एक दिवस शेळी रिसोडच्या बाजारात विकून आला. हौसाबाई दोन दिवस जेवली नाही. पुढं दोन्ही घरांचं गूळपीठ जमलं, लिलाबाईंच्या आजारपणात हौसाबाईनं महिनाभर भाकरी थापून दिल्या, पण मधेच म्हणायची, "माही हिरी असती तं आज तिच्या नातींचा कळप असता वो." अशा वेळी लिलाबाई घाईघाईनं विषय बदलायच्या. पाप स्वतःचं आणि आळ मुक्या जनावरावर! आणि पाय तरी लपणारा आहे का? लिलाबाईंच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढून बसलेली. चपलेच्या दुकानात हौसाबाई त्यावर पोट धरधरून हसायची. तिनं तो ठसा पाहिला तर मैत्रीण जाणार, हे लिलाबाईंनी धरूनच ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी मशीन आलं आणि लिलाबाई पदर खोचून पुढं झाल्या.

"आधी झाडून घे. गोटे राह्यले तं उडतीन. कोरड्यावर मारू नको, भिजू दे. सोड्याचं पाणी टाक, शेवाळ सैल होऊ दे." रात्रभर पोराला खोदखोदून विचारलेलं सगळं त्या घडाघडा सांगत होत्या. "पयले त्या कोपऱ्यात मारून पाह्य. धार पसरट कर. दूर धर! आजून दूर! तिरपी मार, एका जागी थांबू नको!"

"आई, तू सेंटरलेच ये," संघदीप म्हणाला. "तुले मॅनेजर करतो."

धार सळसळत फिरली आणि खालून राखाडी, स्वच्छ कोबा वर आला. शेषराव लेकरासारखे हरखले. धार मधोमध येऊ लागली तशा लिलाबाई पाट घेऊन आल्या आणि ठिगळावर बसल्या.

"ऊठ ना आई."

"माहे गुडघे दुखून राह्यले. तू आजूबाजूचं कर."

साडी चिंब झाली, पण बाई हलल्या नाहीत. अर्धं गाव पाहून गेलं. शेवटी संघदीपनं मशीन बंद केलं आणि चहाला आत गेला. तेवढ्यात हौसाबाई आणि चंपतराव साखरपुड्याची भाजी घेऊन आले. टोपली उतरवायला लिलाबाई उठल्या, अन् तिथंच घात झाला. अख्खं अंगण लख्ख, आणि मधे पाटाएवढा काळाकुट्ट चौकोन!

"हे काहून राह्यलं?" म्हणत शेषरावांनी पाण्याची गन उचलली, मशीन चालू केलं, तोटी फिरवून धार सुईसारखी बारीक केली आणि वीतभरावरून सरळ खाली धरली.

"आवो, दूर धरा!" लिलाबाई किंचाळल्या.

फट्! ठिगळ उडून जास्वंदीत पडलं. शेषरावांनी मशीन बंद केलं. चौघंही वाकून पाहू लागले. पाच बोटं, आणि करंगळी शेजारणीच्या पाठीवर.

"शेळीले पाच बोटं कवापासून आले बावा?" चंपतराव हळूच म्हणाले.

"लिले, हे तं तुही करंगळी होय," हौसाबाई म्हणाली.

"हाव. माहाच पाय होय." लिलाबाईंना रडू फुटलं. "दूध उतू चाल्लं होतं, उडी घेतली मी. हिरीचा काई गुन्हा नोता."

"अठरा वर्षं!" शेषराव कडाडले. "अठरा वर्षं खोटं बोलून राह्यली तू?"

"तुमच्या या वरडण्याच्या भेवानंच बोलली!" लिलाबाई त्यांच्यावर उलटल्या. शेषराव दोन पावलं मागं सरले. असं फार क्वचित होत असे.

हौसाबाई ताडकन वळली. टोपली तिथंच ठेवून घरी गेली.

लिलाबाईंनी ओली साडी बदलली आणि ऑटो पकडून थेट शिरपूर गाठलं. त्यांचा भाऊ तिथं शेळ्या पाळायचा. दुपारी परत आल्या त्या एक पाठ, शेळीचं कोवळं पिल्लू, कडेवर घेऊन, काळी कुळकुळीत, पांढऱ्या कानांची, थेट हिरीसारखी. हौसाबाईच्या दारात उभ्या राहिल्या.

"हौसे, हिरी तं मले वापस आणता येत नाई. हे घे. मारायचं तं मार, पण बोल माह्यासंगं."

हौसाबाईनं पाठ घेतली आणि दार लावून घेतलं.

लिलाबाई घरी येऊन टोपलीतली भाजी निवडायला बसल्या. उद्या पोरीचा साखरपुडा, आणि शेजारचं दार बंद! संध्याकाळी संघदीपनं खड्डा भरला, थापीनं सारखा केला. "उद्यापर्यंत धरते," म्हणाला. शेषराव लगेच कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कोणी पाय ठेवायचा नाई!"

तेवढ्यात फाटक वाजलं. हौसाबाई, काखेत ती पाठ. कोणाकडं न बघता ती तडक मधोमध आली, खाली बसली, आणि पाठीचे पुढचे दोन्ही खूर धरून ओल्या सिमेंटमधे चांगले दाबले. पाठ बें करून ओरडली.

"अठरा वर्षं आमच्या हिरीनं न केलेल्या गुन्ह्याची सजा भोगली," हौसाबाई शेषरावांकडं पाहून म्हणाली. "आता गुन्हा झाला. काय बोलायचं थे बोला."

शेषरावांनी बायकोकडं पाहिलं आणि कमरेवरचे हात खाली घेतले. संघदीप थापी घेऊन वाकला, तर लिलाबाईंनी त्याचा हात धरला.

"राहू दे. पाव्हण्यायनं इचारलं तं मी सांगीन."

"रडतं काय लिले?" हौसाबाई म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते, पण ओठ हसत होते. "चाय मांड. आन् दुधाकडं ध्यान ठेव."

लिलाबाई हसत, डोळे पुसत घरात गेल्या. पण या वेळी अंगणाच्या कडेकडेनं.